पुसलेली विहीर

जालन्याच्या कॉलेजात, एमबीएच्या वर्गात, दैवशाला सगळ्यांत थोरली. बाकीची पोरंपोरी बाविशी-तेविशीची आणि ही पस्तिशीला टेकलेली, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ती सगळ्या वर्गाची ताई होऊन बसली. वडीगोद्रीहून सकाळची एसटी धरायची, अंबडपर्यंत दांड्याला लोंबकळायचं, पुढं बसायला मिळालं तर नशीब, आणि दुपारी परत येऊन हायवेवरचं पाइप-ठिबकचं दुकान उघडायचं, असा तिचा दिनक्रम. तिला या वर्गात धाडलं ते तिच्या सासऱ्यांनी, रामरावांनी. "दुकान तू चालवतीस, मंग त्याचं शास्तर बी शिक," एवढंच ते म्हणाले होते. सुनेला शिकवणारे सासरे आमच्या भागात अजून बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे नुसते सभेत बोलण्यापुरते. रामराव काही बोलले नाहीत, फी भरून आले.

त्या सोमवारी फायनान्सचा तास होता. जुबेदा मॅडम म्हणजे बुटकी मूर्ती, खणखणीत आवाज आणि चष्मा कायम कपाळावर. त्यांनी सुरुवातच अशी केली, "समजा, एका मालकानं सळईची भट्टी बांधायला घेतली." जालन्याच्या पोरांना भट्टी काय सांगायची! निम्म्यांचे बाप-चुलते एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांतच कामाला. मॅडमनी भट्टीवर आजवर झालेल्या खर्चाचा आकडा फळ्यावर लिहिला. तो एवढा लांबलचक होता की शून्यं काढता काढता खडू मोडला.

"भट्टी निम्मी झाली आणि मालकाला कळलं, की पुरी झाली तरी ती रोज तोट्यातच चालणार. बराबर हिशेब केलाय, चूक नाही. मग त्यानं ती पुरी करावी का?"

भराभर हात वर झाले. सगळ्यांत आधी दैवशालाचा.

"का?"

"एवढं घातलंय ना मॅडम. आता सोडलं तर सगळं वाया जाईल की."

मॅडमनी डस्टर उचललं आणि तो आकडा पुसून टाकला. पार, शून्यासकट.

"हे पैसे गेले. भट्टी बांधली तरी गेले, सोडली तरी गेले. त्यांना परत आणायची ताकद कुणातच नाही, मग उद्याच्या फैसल्यात त्यांना खुर्ची कशाला देता? आता सांगा. रिकाम्या जागेत उभे आहात, आणि कुणी म्हणालं, इथं रोज तोट्यात चालणारी भट्टी बांधा. बांधाल?"

एकही हात वर गेला नाही.

"याला सन्क कॉस्ट म्हणतात," मॅडम म्हणाल्या आणि जणू काही झालंच नाही अशा पुढच्या गणिताकडे वळल्या.

दैवशालाच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन मिनिटांपूर्वी याच बाकावर बसून तिनं छातीठोक हो म्हटलं होतं आणि आता तितक्याच छातीठोकपणे ती नाही म्हणत होती. मधे काय झालं? नुसतं एक डस्टर फिरलं. भट्टी तीच, मालक तोच, तोटा तोच. माणसाचं अख्खं आयुष्य ज्यात अडकून पडतं ती गाठ अशी एका हातानं सुटते? आणि हे कुणीतरी शोधून, नाव देऊन, पुस्तकात छापून ठेवलंय, आणि आपल्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही? देवळात गेल्यावरही तिला कधी असं वाटलं नव्हतं. पुढचं गणित फळ्यावर आलं आणि गेलं, तिचा पेन हललाच नाही.

"ताई, बरं वाटत नाही का?" शेजारच्या तृप्तीनं विचारलं.

"विहीर," दैवशाला म्हणाली.

बिचाऱ्या तृप्तीला काय कळणार? त्यासाठी वडीगोद्रीला यायला हवं.

दैवशालाचा नवरा बद्रीनाथ आठ-नऊ वर्षांपूर्वी पुण्याला गेला. जाताना बापाला म्हणाला, कोरड्या माळावर काय ठेवलंय, विहिरीला पाणी लागलं की येतो. रामरावांनी त्याच उन्हाळ्यात पाणाड्या आणला. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला तिथं कुदळ पडली. पुढच्या वर्षी कळलं, की बद्रीनाथानं पुण्यात दुसरं बिऱ्हाड केलंय. मग तिथं लेकरू झाल्याचंही कळलं. तरी घरात त्याचं ते वाक्य तसंच राहिलं, पाणी लागलं की येतो. दर उन्हाळ्यात रामराव यारी आणत. खोल विहिरीतला दगड वर ओढणाऱ्या क्रेनला आमच्याकडे यारी म्हणतात. सुरुंग उडत, दगडाचे ढीग वाढत, विहीर आणखी खोल होई आणि कोरडी ती कोरडीच राही. पावसाळ्यात साचलेलं पाणी दिवाळी बघत नसे. गावातलं कुणी म्हणालं, रामराव, सोडा आता, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "हत्ती गेला, शेपूट राह्यलंय. आता कुठं सोडता?" एवढं लांब शेपूट असलेला हत्ती साऱ्या मराठवाड्यात कुणी पाहिला नसेल.

दैवशालाही थांबली. तिचे आईवडील न्यायला आले, ती गेली नाही. पुढं भाऊ आला, त्यालाही तिनं जेवू घालून परत पाठवलं. कुणी विचारलं की म्हणायची, येतील. मग लोकांनी विचारणंही सोडून दिलं.

यंदा मात्र रामरावांनी हद्द केली. विहिरीत आणखी खाली जायचं, तळातून चारी अंगांनी आडवे बोअर मारायचे आणि त्यासाठी हायवेवरची दुकानाची जागा विकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. जागा घेणारे राधेश्यामशेठ गुरुवारी इसाराचे पैसे घेऊन येणार होते. पत्र्याच्या शेडमधून दैवशालानं उभं केलेलं ते दुकान. घरातलं मीठमिरचीसुद्धा त्याच्यावर चालायचं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा! पण सांगणार कसं? जागा त्यांची, विहीर त्यांची, पोरगाही त्यांचाच. आजवर तिच्याजवळ बोलायला तोंड नव्हतं. आता डस्टर होतं.

परतीच्या वाटेवर तर तिला जिकडं तिकडं तेच दिसायला लागलं. अंबडच्या स्टँडवर एक म्हातारबा रिकामी जीप समोर उभी असताना चढेना. "दोन तास झाले एसटीची वाट बघून राह्यलो, आता जीपनं जाऊ व्हय?" असं म्हणून ऐटीत बसून राहिला. संध्याकाळी घरी सासूबाई, सोनूबाई, आंबूस वास मारणारी आमटी नाक मुरडत संपवत होत्या, कारण काय, तर केली होती. दैवशालाला हसू आवरेना. एवढं मोठं गुपित आपल्याला कळलंय आणि सगळं जग अजून आंबट आमटी पितंय, असं तिला झालं.

"आत्याबाई, मामांशी बोलू का विहिरीचं?" तिनं विचारलं. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई.

"बोल बाई. पालथ्या घड्यावर पाणी हाये ते. मी बोलून बोलून थकले."

मंगळवारी ती कॉलेजला गेली नाही. सकाळीच रानात आली. यारीवाला रखमाजी इंजिनाला तेल घालत होता, सुरुंगाची माणसं अजून यायची होती. रामराव खाली तळात उतरून दगड चाचपत होते. तिनं काठावरून हाक मारली.

"मामा, थोडं बोलायचं हाये."

"मंग खाली ये," खालून आवाज आला. "वरून वरडून काय बोलतीस? ये, बघ तरी."

ती या विहिरीत कधी उतरली नव्हती. रखमाजीनं यारीचा लोखंडी डोल काठाशी आणला. "वहिनी, दोर घट्ट धरा अन् खाली बघू नका." तिनं नेमकं खालीच बघितलं. डोल सुटला. आधी काळी माती गेली, मग पिवळा मुरूम, मग लालसर मांजऱ्या खडक, आणि मग नुसता काळा दगड, काळा दगड, काळा दगड. गारवा वाढत गेला. वरचं ऊन वरच राहिलं. भिंतीवर पहारीच्या आणि ड्रिलच्या खुणा होत्या. त्यांचे पट्टे पडले होते, प्रत्येक उन्हाळ्याचा एक. गेली कित्येक वर्षं ती या विहिरीवर मनातल्या मनात चिडत होती, पण ही एवढी असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तळाला पाय टेकले आणि तिनं वर पाहिलं, तर आभाळ भाकरीएवढं उरलेलं. माणसानं हातानं केलेली इतकी मोठी गोष्ट तिनं दुसरी पाहिली नव्हती.  जे सांगायला आली होती ते सांगण्याची तिची हिंमतच होईना.

"हा बघ," रामराव कौतुकानं भिंत दाखवत होते. "तिथं मुरूम संपतो ना, तो पहिला उन्हाळा. लई जोर होता तवा अंगात. तो आडवा भेगाळलेला पट्टा दिसतो का? त्या साली पाऊस लवकर आल्ता, काम अर्धवट राह्यलं. अन् आता हा शेवटचा थर फोडला की पाणीच."

"मामा, मला कॉलेजात एक सवाल घातला काल," ती म्हणाली. "तुम्हाला घालू का?"

"घाल की."

तिनं भट्टीचा सवाल घातला, मॅडमनी घातला होता तसाच. रामराव दगडावर टेकले, विचार केला आणि वर्गानं दिलं तेच उत्तर दिलं. पुरी करावी. एवढं घातलंय, सोडून कसं चालंल?

"आता तो घातलेला आकडा पुसा. गेला तो. रिकाम्या जागेत हायेत तुम्ही, अन् कुणी म्हनलं, तोट्याची भट्टी बांधा. बांधाल?"

"याडाय का मी?"

"मंग आता," तिनं भिंतीकडं बोट केलं, "आता ही विहीर पुसा, मामा. ही सगळी. समजा, कुदळच पडलेली न्हाई. वर सपाट माळ हाये, तुम्ही उभे हायेत. अन् कुणी सांगितलं, इथं खाली निव्वळ काळा पाषाण हाये, पाणी लागंल का न्हाई ठावं न्हाई, दुकान इका अन् खांदा. खांदाल?"

 रामरावांचा भिंतीवर ठेवलेला हात तसाच राहिला. वर इंजिन बंद होतं, पाखराचासुद्धा आवाज खाली पोचत नव्हता. मग त्यांनी मान वर केली, एकेक पट्टा बघत नजर वरपर्यंत नेली, आणि दैवशालाला समोर दिसत होतं, की हा म्हातारा खरोखर पुसतोय. एक उन्हाळा, मग दुसरा, मग तिसरा. किती जड काम होतं ते! फळा पुसणं निराळं आणि हे निराळं.

"न्हाई," शेवटी ते म्हणाले. "न्हाई खांदणार."

तिनं डोळे मिटले. दुकान वाचलं.

"कुणी काढलं गं हे?" रामराव विचारत होते. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "काय डोकं असंल त्याचं! मला सगळे म्हनले, रामराव, किती खर्चा झाला, किती खर्चा झाला. त्यांनी खर्च्याचं नाव काढलं की मला आणखी खांदावं वाटायचं. खर्चा पुसून कुणी इचारलंच न्हाई." ते स्वतःशीच मान हलवत राहिले. "लई मोठी इद्या शिकून राह्यलीस तू, पोरी. लई मोठी."

तिला वाटलं, झालं. आता वर जायचं, राधेश्यामशेठला निरोप द्यायचा. पण रामराव उठले नाहीत. नवा खेळ कळलेल्या माणसासारखे ते त्या विचाराला उलटून पालटून बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"मंग हे सगळ्यालाच लागू होतं म्हण की."

"होतं ना."

"बस इथं. आता मी इचारतो, तू पुस."

ती समोरच्या दगडावर बसली.

"समज, तू या घरात अजून आलीच न्हाईस. आज पहिल्यांदा दारात उभी हायेस. अन् मी बाप म्हणून तुला खरं सांगतो, की आत नवरा न्हाई. तो पुण्यात हाये, त्याचा तिथं संसार हाये, लेकरू हाये. तो यायचा न्हाई." ते तिच्याकडं वळले. "येशील का आत?"

दैवशालाला वाटलं, वरचं ते भाकरीएवढं आभाळसुद्धा मिटलं. आपण हातात घेऊन आलेलं डस्टर आपल्याच अंगावरून फिरेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. बसस्टँडवरच्या म्हातारबाला हसली, आमटी पिणाऱ्या सासूला हसली, आणि स्वतः? न्यायला आलेल्या भावाला तिनं काय सांगितलं होतं? इतकी वर्षं काढली, आता कुठं जाऊ. हेच. शब्दाला शब्द हेच.

"पण तुम्ही खांदत होता ना," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही दर वर्षी यारी आणायचे. मला वाटायचं, बापाला भरवसा हाये तर मी कोण सोडणारी? तुम्ही खांदत होता म्हणून मी थांबले, मामा."

रामरावांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"अन् मी?" ते म्हणाले. "आतून कळत होतं मला. पण तू समोर दिसायची. कुंकू लावून, दुकान झाडून, एका शब्दानं न बोलता थांबलेली. माझ्या पोरानं तुझं वाटोळं केलं, अन् तरी तू थांबलीस. मंग मी खांदणं कोणत्या तोंडानं सोडू? तू थांबलीस म्हणून मी खांदत राह्यलो, बाई."

 इतका दगड, इतके सुरुंग, इतके उन्हाळे, आणि त्याच्या बुडाशी हे एवढंच होतं. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून दोन माणसांनी पाताळ गाठलं होतं. दैवशालाला रडू आलं, पण त्या रडण्यात दुःखापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. माणसं एकमेकांसाठी काय काय करतात, आणि न बोलता करतात, याची तिला भीती वाटली आणि त्याच वेळी समोरच्या म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"उत्तर राह्यलं," रामराव हळूच म्हणाले. "मी म्हनलो तसं तू बी म्हण. मी ऐकतो."

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई येणार आत."

आवाज भिंतींना लागून घुमला आणि वर निघून गेला. रामरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बापाचा हात असतो तसा.

"बराबर हाये," ते म्हणाले. "जा वर. अन् एक ध्यानात ठेव. आत्याबाईला मात्र हे पुसायला सांगू नको. नवऱ्याचं पुसता येतं, विहिरीचं पुसता येतं. पण आईचं लेकरू तुझ्या मॅडमच्या फळ्यावर बसायचं न्हाई."

डोल वर निघाला. काळा दगड मागं पडत गेला, लाल खडक गेला, मुरूम गेला. ऊन अंगावर आलं तशी तिनं डोळ्यांवर हात धरला.

काठावर सोनूबाई भाकरीचं फडकं घेऊन उभ्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्या चरकल्या. "काय झालं गं? पाणी लागलं का?"

"न्हाई, आत्याबाई. मामांनी खांदणं बंद केलं. कायमचं. जागा बी इकणार न्हाईत."

सोनूबाई विहिरीकडं बघत राहिल्या. खणणं थांबलं याचा अर्थ काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दगडाच्या ढिगावर खाली बसल्या, फडकं मांडीवर ठेवलं. आता त्या बद्रीनाथाचं नाव घेतील आणि मग आपल्याला काही बोलता यायचं नाही, असं दैवशालाला वाटलं. सोनूबाईंनी पदरानं डोळे टिपले, बराच वेळ टिपले, आणि मान वर केली.

"मंग आता तुझं काय गं, पोरी? तुला काय करावं वाटतं?"

 त्या घरात दैवशालाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. दुकानातच राहावं, जालन्याला खोली करावी, माहेरी जावं, आणखी कुठं, आणखी काही. सगळीकडं नुसता सपाट, मोकळा माळ.

"ठावं न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. ठाऊक नसण्यातही इतका मोकळा श्वास घेता येतो, याचं तिला इतकं नवल वाटलं, की रखमाजी डोल पुन्हा खाली सोडायचा विसरून तिच्याकडं बघतोय हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात विहिरीच्या तळातून रामरावांची हाक आली.

"अरे, मला बी वर घ्या की!"